विषम दलांचा समतोल सामना

पटावर युद्ध मांडण्याची रीत आपल्या भूमीत फार जुनी आहे. दीघनिकायातील ब्रह्मजालसुत्तात श्रमण गौतम ज्या खेळांपासून अलिप्त राहतात त्यांची यादी आली आहे आणि तिचा आरंभच ‘अट्ठपद’ या आठ-आठ घरांच्या पटाने होतो. (प्रमादात रमणाऱ्या श्रमणांच्या संदर्भात ते सांगितले आहे; वसतिगृहातील मुलांनी रविवारी दुपारी पट मांडला तर शीलभंग होत नाही, हे शंका घेणाऱ्या पालकांसाठी येथेच सांगून ठेवतो.)

बुद्धिबळाने समतोलाची एकच कल्पना आपल्या मनात ठसवली: दोघांना सोळा-सोळा मोहरी. परंतु वाघ-बकरीचा डाव पाहा. नेपाळातील बाघचालीत 25 बिंदूंच्या पटावर 4 वाघ आणि 20 बकऱ्या असतात. वाघाने 5 बकऱ्या मारल्या की तो जिंकतो. बकऱ्यांनी चारही वाघ कोंडले की त्या जिंकतात. बळ विषम, उद्दिष्टे वेगळी, तरीही सामना रंगतो. समता म्हणजे सारखी वाटणी नव्हे, सारखी संधी होय. 26 जुलै 1902 च्या शाहू-आज्ञेमागील विचार करवीरच्या वाचकांना येथे सहज आठवेल.

इतिहासातील लढाई पटावर आणताना हेच सूत्र कामी येते. आमच्या इतिहासवर्गात आम्ही 1 जानेवारी 1818 ची भीमा कोरेगावची लढाई मांडतो. व्यासपीठांवरून आपण ‘500 विरुद्ध 28,000’ असे नेहमी ऐकतो. एक सोंगटी म्हणजे 50 माणसे असे धरले, तर कॅप्टन स्टाँटनच्या बाजूला पायदळाच्या 10 आणि घोडदळाच्या सुमारे 5 सोंगट्या व 2 तोफा येतात, तर पेशव्यांच्या बाजूला 560 सोंगट्या. त्या पटावर मावतच नाहीत, आणि हे न मावणे हाच पहिला धडा आहे. गावाच्या गल्ल्यांत एका वेळी मोजकीच माणसे लढू शकतात. पन्हाळ्याहून विशाळगडाकडे जाणारी पावनखिंड ज्यांनी पायी पाहिली आहे, त्या कोल्हापूरच्या मुलांना हे वेगळे समजवावे लागत नाही. प्रत्यक्ष हल्ल्यात उतरलेले अरब, गोसावी व मराठा सैनिक सुमारे 2,000 होते, म्हणजे 40 सोंगट्या. त्या तीन दिशांनी येतात; एका घरात एकच सोंगटी, हा नियम.

काहींना ही वजाबाकी खटकते; शूरांच्या यशाचे मोल तिने घटते, असे त्यांना वाटते. मला तसे वाटत नाही. फुगवलेला आकडा प्रतिपक्षाला एका वाक्यात खोडता येतो. परंतु शिरूरहून रात्रभर चालून आलेले, दिवसभर पाण्यावाचून लढलेले, 800 च्या आसपासच्या तुकडीत मृत, जखमी व बेपत्ता मिळून 275 माणसे गमावूनही गाव न सोडणारे सैनिक खोडता येत नाहीत. स्तंभावरील 49 नावांपैकी 22 नावांच्या शेवटी ‘नाक’ आहे. बाबासाहेब 1 जानेवारी 1927 रोजी या स्तंभापाशी आले, ते याच माणसांना अभिवादन करण्यासाठी.

आता समतोलाची खरी किल्ली: वेळ. सकाळी दहाच्या सुमारास सुरू झालेली लढाई रात्री नऊच्या सुमारास थांबली. अर्ध्या तासाची एक फेरी धरली तर 22 फेऱ्या होतात. जनरल स्मिथची फौज येऊन पोहोचेल ही धास्ती पेशव्यांना होती, म्हणून त्यांना अमर्याद वेळ देता येत नाही. 22 फेऱ्या संपेपर्यंत गावातील निम्मी घरे व किमान एक तोफ हाती राहिली तर कंपनी जिंकली, अन्यथा पेशवे. दहाव्या फेरीनंतर नदीकाठचे घर न गाठलेल्या सोंगटीचे बळ एकाने उतरते. तहान नियमात आणली नाही तर बचाव फारच सोपा होतो.

नियम लिहून झाले म्हणजे सामना समतोल झाला असे नाही. तो दहा वेळा खेळून पाहावा लागतो. एकच बाजू आठ वेळा जिंकली तर एकच गोष्ट बदलावी: फेऱ्या किंवा सोंगट्या, पण दोन्ही एकदम नव्हे, नाहीतर फरक कशाने पडला ते कळत नाही.

राहिला बाजूंचा प्रश्न. आमच्या मुलांना पेशव्यांची बाजू नको असते, हे ओघानेच आले. म्हणून प्रत्येक जोडी बाजू बदलून दोनदा खेळते आणि दोन्ही डावांचे गुण एकत्र मोजले जातात. पेशव्यांकडून खेळताना मुलगा प्रथमच विचारतो, एवढे घोडदळ असून ते गल्लीत का शिरत नाही? हा प्रश्न पाठ्यपुस्तक वाचून कोणी विचारत नाही.

मोठ्या मुलांसाठी बोलीची पद्धत आहे. दोघे गुपचूप चिठ्ठीवर लिहितात, ‘कंपनीकडून मी इतक्या फेऱ्या टिकेन.’ ज्याचा आकडा मोठा, त्याला कंपनीची बाजू आणि तितक्याच फेऱ्या. मग पंचाने समतोल साधण्याची गरज उरत नाही. नववीतली मुले हल्ली 24 लिहू लागली आहेत.