एकोणसाठ मणी

मैदानाच्या मधोमध खुंटी ठोकली आणि खेळाच्या सरांनी रस्सीखेचीचा दोर आणायला सांगितला. नऊ मीटरवर दोराला गाठ पडली. गाठीशी फक्कीचा डबा धरून नववीतला एक मुलगा वाकून गोल फिरला. दुसऱ्याने त्या पांढऱ्या वर्तुळावर पावलं मोजत खुणा केल्या, दहा लहान, मग एक मोठी, पुन्हा दहा लहान. शेवटी वर्तुळातून एक शेपूट निघून स्टेजच्या पायरीला टेकली, तेव्हा माझ्या लक्षात आलं की जमिनीवर जपमाळ काढली आहे.

दौंडची ही कॅथलिक शाळा. माझी मावसबहीण तिथे मराठी शिकवते, म्हणून ऑक्टोबर 2025मध्ये, दिवाळीच्या सुट्टीआधी मला दोन दिवस तिथे बसून पाहता आलं. त्या महिन्यात रोज शांतीसाठी जपमाळ म्हणा, असं पोप लिओ यांनी जगभरच्या कॅथलिकांना सांगितलं होतं. शाळेने ‘जिवंत जपमाळ’ करायची ठरवली. माळेत मणी एकोणसाठ, त्यांतले त्रेपन्न मारियेच्या प्रार्थनेचे आणि सहा प्रभूच्या प्रार्थनेचे. प्रत्येक मण्याच्या जागी एक मूल उभं राहणार आणि आपल्या वाट्याची प्रार्थना म्हणणार.

ऑक्टोबर हा जपमाळेचाच महिना. 7 तारखेचा तिचा सण मात्र लढाईतून आला आहे. 1571मध्ये लेपांतोच्या समुद्रात मिळालेल्या विजयाची ती आठवण. पुढे 1917मध्ये, पहिलं महायुद्ध ऐन भरात असताना, पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनी जपमाळेअखेर म्हणतात त्या मारियेच्या नामावळीत ‘शांतीची राणी’ हे नाव घालायला सांगितलं. मला हा प्रवास फार मोलाचा वाटतो. विजयाची आठवण म्हणून धरलेली माळ साडेतीनशे वर्षांनी युद्ध थांबावं म्हणून ओढली गेली.

शाळेत कॅथलिक मुलं थोडी. काही रेल्वेच्या नोकरीसाठी गोव्याकडून आलेल्या घरांतली, काही नगरकडच्या मराठी घरांतली. बाकी सगळी हिंदू, मुसलमान, बौद्ध. एकोणसाठ मणी कॅथलिक मुलांनी भरणारच नव्हते. म्हणून सिस्टरांनी पालकांना चिठ्ठी पाठवली. ज्यांना यायचं त्यांनी यावं, जपमाळेचे शब्द म्हणायची सक्ती नाही, आपल्या घरी शांतीसाठी जे म्हणतात ते म्हटलं तरी चालेल. चिठ्ठ्या सह्या होऊन परत आल्या त्या एकोणसाठांपेक्षा जास्त.

मग रंगांचा प्रश्न आला. दहा-दहा मण्यांच्या पाच गटांना पाच खंडांचे रंग द्यायची रीत आहे. आफ्रिका हिरवी, अमेरिका लाल, युरोप पांढरा, ओशिनिया निळा, आशिया पिवळा. अमेरिकेतले बिशप फुल्टन शीन यांनी 1951मध्ये अशी रंगीत माळ सुरू केली. मावसबहिणीने कापडाच्या पट्ट्या कापून ठेवल्या होत्या. वाटायला घेतल्या आणि ती थांबली. आमच्या भागात हिरवा नुसता हिरवा नसतो आणि निळा नुसता निळा नसतो. कोणाच्या गळ्यात कोणती पट्टी गेली, हे संध्याकाळी घरी विचारलं जातं. तिने पट्ट्या पुन्हा पिशवीत भरल्या, पिशवीचं तोंड हाताने धरलं आणि प्रत्येकाला न बघता एकेक ओढायला लावली. ज्याला जो रंग आला तो त्याचा. शांतीची प्रार्थना कशी करतात, ते मला त्या पिशवीपाशी कळलं.

प्रत्येक दहा मण्यांनंतर एक विनंती वाचायची होती. त्यासाठी स्टाफरूममध्ये बुटांचा खोका ठेवला होता आणि मुलांनी त्यात चिठ्ठ्या टाकल्या होत्या. दुपारी आम्ही त्या टेबलावर ओतल्या. आजीचा गुडघा बरा होऊ दे. गणिताचा पेपर सोपा असू दे. युक्रेन आणि गाझा तर कितीतरी चिठ्ठ्यांवर होतं, एकीवर युक्रेनच्या शेजारी सूर्यफूल काढलेलं. मग एकसारख्या वाटणाऱ्या काही चिठ्ठ्या निघाल्या. ‘पप्पांची ड्युटी दिवाळीत लागू नये.’ ‘पप्पा बंदोबस्तावरून लवकर यावेत.’ दौंडमध्ये राज्य राखीव पोलीस दलाचे दोन गट आहेत, क्रमांक 5 आणि 7. महाराष्ट्रात कुठेही दंगल झाली की इथल्या लायनीतून गाड्या भरून निघतात. या मुलांना शांती म्हणजे काय, हे समजावून सांगावं लागत नाही. शांती असली की पप्पा घरी असतात.

तळाशी एक चिठ्ठी होती. तिच्यावर एकच शब्द, ‘यवत’.

यवत याच तालुक्यातलं. शिरूरहून मी न्हावरे करत, पारगावला भीमा ओलांडून चौफुल्याला आले, तिथून पुण्याच्या बाजूला वळलं की यवत. 1 ऑगस्ट 2025ला सोशल मीडियावरच्या एका पोस्टवरून तिथे दगडफेक आणि जाळपोळ झाली, पोलिसांना अश्रुधूर सोडावा लागला. टेबलाभोवती सगळे गप्प झाले. एक शिक्षक म्हणाले, गाझा वाचा, पण हे राहू दे, उगाच कोणाच्या मनाला लागेल. त्यांची काळजी खोटी नव्हती. दोन्हीकडची मुलं याच वर्गांत बसतात.

मी पाहुणी होते, तरी बोलले. मी शिरूरची. कोरेगाव भीमा आमच्या तालुक्यात. 1 जानेवारी 1818च्या लढाईला फौज निघाली ती शिरूरच्या छावणीतूनच. 1 जानेवारी 2018ला तिथे दगड पडले, गाड्या जळल्या, एका तरुणाचा जीव गेला, आणि आमच्या गल्लीतली शटरं धडाधड खाली आली. तोच दिवस कॅथलिकांचा जागतिक शांती दिन, पोप सहावे पॉल यांनी 1968पासून सुरू केलेला. त्या दिवशी जगभर चर्चमध्ये शांतीसाठी प्रार्थना चालली होती आणि इथे आम्ही खिडकीच्या फटीतून रस्ता बघत होतो. पुढे कितीतरी दिवस शेजारच्या वहिनींशी दुधाच्या भावाबद्दल बोलले, पण त्या दिवसाबद्दल नाही. दूरच्या युद्धाचं नाव घेताना माझा आवाज कधी कापला नाही. कोरेगावचं नाव घेताना अजून कापतो. म्हणूनच ते घ्यायला हवं, एवढंच मी म्हणाले.

वयस्कर सिस्टरांनी चिठ्ठी उचलली. विनंती त्यांनी स्वतः लिहायला घेतली आणि तीनदा खोडली. पहिल्या मसुद्यात ‘ज्यांनी केलं त्यांना’ असं होतं, ते गेलं. दुसऱ्यात ‘दोन्ही समाज’ होतं, तेही गेलं. शेवटी उरलं ते साधं होतं. यवतमध्ये ज्यांची दुकानं जळली त्यांच्यासाठी, त्या दिवशी घाबरलेल्या मुलांसाठी, आणि ज्यांच्या हातात दगड होता त्यांच्यासाठी. शाळेत आठवड्यातून एकदा पसायदान होतं. ज्ञानदेवांनी दुष्टांचा नाश मागितला नाही, त्यांच्यातला वाकडेपणा जावा एवढंच मागितलं. त्या तिसऱ्या ओळीपाशी मला ते आठवलं.

तालीम फसली. चौथ्या मण्यालाच मालगाडी आली. दौंड जंक्शन आहे, इथे शाळेत गाडीचा आवाज नवा नाही, पण मुलांनी आवाज चढवला, मग घाई केली, मग हसू फुटलं आणि कोण कितवा मणी हेच कोणाला कळेना. सर रागावले नाहीत. गाडी आली की थांबायचं, म्हणाले. आपल्या जागेवर गप्प उभं राहायचं, गाडी गेली की तिथूनच पुढे.

दुसऱ्या दिवशी सकाळी राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा झाली आणि माळ फिरू लागली. मराठी, इंग्रजी, कोंकणी. एका मुलीने दोन्ही तळवे उघडून, ओठ जेमतेम हलवत आपली दुआ केली. एका मुलाने बुद्धवंदनेतल्या दोन ओळी म्हटल्या. लाल पट्टी, निळी पट्टी, सगळं मिसळलेलं. तिसऱ्या दहांनंतर सातवीतल्या मुलीने यवतची विनंती वाचली. ती वाचत असताना मी पालकांकडे पाहत होते. कोणी उठलं नाही. बुरख्यातल्या एका आईने पदर घेतलेल्या शेजारणीच्या मांडीवर हात ठेवला. तो तिथेच राहिला.

पुढचा मणी राखीव पोलिसाच्या मुलाचा. त्याने तोंड उघडलं आणि भोंगा वाजला. लांबलचक मालगाडी. मुलगा हात जोडून, मान खाली घालून उभा राहिला, त्याच्यामागे सगळी माळ. डबे संपता संपत नव्हते. शेवटचा गेला, रुळांचा आवाज विरत गेला, आणि त्याने सुरुवात केली.