नेत्ररोगांचा कुलवृत्तांत

बुरोंडीसारख्या बंदरावर, जिथे मच्छीमाराला पहाटेच्या अंधारातच होडी पाण्यात लोटावी लागते, तिथे रातांधळेपणा आला म्हणजे गोष्ट थेट पोटावर येते. आपल्या कोकणातल्या अनेक घराण्यांनी गेल्या शतकात मोठ्या परिश्रमाने कुलवृत्तांत छापून काढले. त्यांत मूळ पुरुष, खोती, वतने आणि सनदा यांचा तपशील सापडतो. पण दिवेलागणीनंतर कोणाला दिसत नसे, याची नोंद क्वचितच आढळते, आणि सासरी गेलेल्या लेकीची शाखा तर बहुधा तिच्या नावाशीच संपते. नेमकी अशीच नोंद गोळा करण्यात एका थोर नेत्रवैद्याने आपल्या आयुष्याचे उत्तरपर्व वेचले.

एडवर्ड नेटलशिप यांचा जन्म १८४५ साली इंग्लंडातील केटरिंग येथे झाला. आरंभी पशुवैद्यकाचा अभ्यास करून ते नेत्रवैद्यकाकडे वळले, लंडनच्या सेंट थॉमस आणि मूरफील्ड्स या रुग्णालयांत शल्यवैद्य झाले, आणि १८९४ मध्ये पंतप्रधानपद नुकतेच सोडलेल्या ग्लॅडस्टन यांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया त्यांच्याच हातून झाली. एवढी कीर्ती मिळालेला मनुष्य पुढे स्वस्थ बसता तरी कोणी बोल लावला नसता. परंतु १९०२ मध्ये व्यवसायातून निवृत्त होऊन त्यांनी आनुवंशिक नेत्ररोगांच्या वंशावळी जुळवण्याचे काम अंगावर घेतले.

या कामातील सर्वांत विलक्षण वंशावळ फ्रान्सच्या दक्षिणेकडील नूगारे घराण्याची. १६३७ साली जन्मलेला झां नूगारे हा खाटीक जन्मतःच रातांधळा होता. त्याच्या वंशाची पहिली हकीकत क्यूनिए या नेत्रवैद्याने १८३८ मध्ये प्रसिद्ध केली होती. नेटलशिप यांनी ती तपासून, वाढवून १९०७ मध्ये मांडली, तेव्हा नऊ पिढ्या आणि दोन हजारांहून अधिक माणसे तिच्यात सामावली होती. त्यावरून उलगडा झाला, की हा दोष बाधित आईबापांकडूनच मुलांत उतरतो आणि ज्याला तो नाही त्याच्या संततीत फिरून डोके वर काढत नाही. अंधूक प्रकाशात पाहण्याचे काम दृष्टिपटलातील दंडपेशी करतात; त्या पेशींतील प्रकाशाचा संदेश पुढे पोहोचवणाऱ्या एका प्रथिनाच्या जनुकात या घराण्यात बिघाड असल्याचे थॅडिअस ड्रायजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये दाखवून दिले. नोंद शाबूत राहिली, म्हणून जवळजवळ नव्वद वर्षांनी प्रयोगशाळेला तिचा आधार घेता आला.

लेकीच्या शाखेचे महत्त्व तर नेटलशिप यांच्या दुसऱ्या एका शोधाने अधिकच पटते. डोळ्यांतील रंगद्रव्याच्या अभावाचा एक प्रकार असा आहे, की आईची दृष्टी ठीक असून तिच्या मुलग्यांपैकी काहींची दृष्टी मंद असते, आणि तिच्या मुलीही तो दोष निमूटपणे पुढच्या पिढीत नेऊ शकतात. केवळ पुरुषांची नावे लिहिणाऱ्या वंशावळीत असा आजार आकाशातून पडल्यासारखा भासेल. संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सन आणि नेत्रवैद्य अशर यांच्यासह वर्णहीनतेवरचा प्रचंड ग्रंथ सिद्ध करीत असतानाच, १९१३ मध्ये, नेटलशिप यांचे देहावसान झाले.

हा प्रश्न दूरदेशीचा नव्हे. नागपूरच्या सूरज आय इन्स्टिट्यूटच्या डॉ. विनय नांगिया यांनी जर्मन सहकाऱ्यांसह आसपासच्या खेड्यांतील तिशीपुढच्या ४,७११ लोकांचे डोळे तपासले, तेव्हा दृष्टिपटलाचा रंगद्रव्यी क्षय, ज्याची सुरुवात बहुधा रातांधळेपणाने होते, सुमारे ७५० माणसांत एकाला आढळला. जगभरात हे प्रमाण सामान्यतः ४,००० मध्ये एक मानले जाते. जवळच्या नात्यात विवाह झाल्यास एकाच पूर्वजाचा सुप्त दोष दोन्ही बाजूंनी येऊन मुलात प्रकट होण्याचा संभव वाढतो, आणि मामाच्या मुलीशी लग्न करण्याची वहिवाट आपल्याकडील कित्येक समाजांत आहे.

म्हणून ज्याला संध्याकाळनंतर दिसेनासे होते, त्याने प्रथम जीवनसत्त्व अ कमी आहे काय हे तपासून घ्यावे, कारण तो प्रकार औषधाने बरा होतो. आणि नेत्रवैद्याकडे जाताना आजोळची, आत्यांची व मावश्यांची माहिती लिहून न्यावी; दोष कोणत्या जनुकात शोधावा, हे ठरवायला ती उपयोगी पडते. दृष्टिपटलाच्या आनुवंशिक क्षयाला कारण ठरणाऱ्या आरपीई६५ या एकाच जनुकातील दोषावर अमेरिकेत डिसेंबर २०१७ मध्ये जनुकोपचाराला मान्यता मिळाली आहे, आणि तो उपचार मिळण्यासाठी दोष त्याच जनुकात असल्याचे आधी सिद्ध व्हावे लागते.