वृद्धाश्रमात साथ शिरते कशी?

सभासद बंधूंनो, आपल्या काहींचे वडीलधारे नवी मुंबईकडच्या वृद्धाश्रमांत आहेत, म्हणून आम्ही हे लिहितो. नोव्हेंबर २०२१ मध्ये ठाणे जिल्ह्यात, भिवंडी तालुक्यातील सोरगावच्या वृद्धाश्रमात साठाहून अधिक जणांना कोरोना झाला. बहुतेकांचे लशीचे दोन्ही डोस झालेले! लशीने बहुधा जिवावरचे टळते, लागण टळतेच असे नाही.

म्हातारी माणसे बाहेर पडत नाहीत, मग रोग येतो कसा? धडधाकट माणसाबरोबर. सेविका, स्वयंपाकी, नाहीतर भेटीला गेलेले आपणच. पावसाळ्यात खिडक्या बंद, खाटेला खाट लागून. त्यात म्हाताऱ्याला ताप चढेलच असे नाही. नुसते जेवण सुटते, बरळल्यासारखे होते. तोवर शेजारची खाट धरलेली असते. घसा खवखवत असेल तर भेट पुढे ढकला. फोन करा, अन् यंदाची फ्लूची लस टोचली का, तेही विचारा.