एचआयव्ही आणि उतारवय : डोकं जपा, पायही जपा

‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून आपण हसून सोडून देतो. पण शेतकरी बंधू-भगिनींनो, घरातलं माणूस एचआयव्हीच्या गोळ्या घेत असेल, तर त्याचा विसराळूपणा हसण्यावारी नेऊ नका.

१ एप्रिल २००४ पासून सरकारने ही औषधे मोफत देण्यास सुरुवात केली. तेव्हा तिशी-चाळिशीत असलेली व नेमाने गोळ्या घेऊन जगलेली माणसे आज पन्नाशी-साठीत पोचली आहेत. ही आनंदाची गोष्ट. पण उतारवयाबरोबर नवे दुखणेही आले.

लागण झाल्यावर काही आठवड्यांतच हा विषाणू मेंदूत शिरतो आणि मेंदूची राखण करणाऱ्या पेशींतच दडून बसतो. गोळ्यांनी तो दबतो, तरी राखेखालच्या विस्तवासारखी थोडी धग राहते. त्यात वय, रक्तदाब व शुगर यांची भर पडते. मग हिशेब चुकतो, बोलता बोलता विषय सुटतो, गुंडी लावायला वेळ लागतो. हे वेड नव्हे. नियमित औषध घेणाऱ्यांत हा त्रास बहुधा सौम्य असतो.

दुसरे दुखणे पायांचे. तळपायांची आग होते, मुंग्या येतात, पाय बधिर पडतात. विषाणू हे एक कारण. पूर्वी दिली जाणारी, आता बंद झालेली स्टॅव्हुडिनची गोळी हे दुसरे. मधुमेह, दारू व बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांनीही असेच होते. बधिर पायात बाभळीचा काटा रुतला तरी कळत नाही आणि जखम चिघळते. म्हणून अनवाणी रानात जाऊ नका. रोज रात्री तळपाय बघा.

खरा धोका पुढेच आहे. विसरल्यामुळे गोळी चुकते, आणि गोळ्या चुकत गेल्या की विषाणू पुन्हा उसळतो. घरातल्या एकाने ठरल्या वेळी गोळी हातावर ठेवावी. मनाने औषध बंद करू नये. एआरटी केंद्रात त्रास मोकळेपणाने सांगा. बी-१२, शुगर, थायरॉईड यांच्या तपासण्यांबद्दल विचारा. या कारणांवर इलाज आहे.

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी व आशाताईंनो, अशा माणसाची सही किंवा अंगठा घाईने घेऊ नका. कागद वाचून, समजावून सांगा. त्याच्या आजाराची वाच्यता संमतीवाचून करायला २०१७ च्या कायद्याने मनाई आहे. गरजूंना संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज भरून द्या. माहितीसाठी १०९७ हा फोन मोफत आहे.

वीस वर्षे औषधाने जगवलेलं माणूस निव्वळ दुर्लक्षापायी गमावू नका.