गुळवेलीची पारख

कर्जत तालुक्यातल्या कशेळ्याहून खांडसच्या रस्त्याला लागलं, की ठाकरवाड्या सुरू होतात. अशाच एका वाडीत झाडपाल्याचं औषध देणाऱ्या आजींसोबत गुळवेलीचं सत्त्व काढायला बसले. होळी उलटून गेलेली, पानं झडलेली. वेल ओळखायची ती खोडावरूनच. आजींनी अंगठ्याएवढा जाड तुकडा घेऊन नखानं साल ओढली. कागदासारखी पातळ साल सुटली, आत हिरवंगार. मग आडवा काप देऊन चाकासारख्या आऱ्या दाखवल्या. सालीवर ठसठशीत गाठी असल्या, तर ती वेल त्या घेतच नाहीत. तोडतानाही मूळ आणि खाली लोंबणाऱ्या पारंब्या राखतात.

तुकडे ठेचून चौपट पाण्यात रात्रभर भिजत ठेवले. सकाळी आजींनी ते कुस्करायला घेतले. पाण्यावर फेस आला, बोटं बुळबुळीत झाली. फडक्यातून गाळलेलं पाणी परातीत निवळत ठेवलं. धक्का लागला की सगळं पुन्हा ढवळून निघतं, म्हणून पोरांना आधीच अंगणाबाहेर पिटाळलं होतं. दुपारी वरचं कडूजहर पाणी हलकेच ओतून दिलं, तळाशी पांढरा साका. तो पुन्हा धुऊन वाळवायचा. टोपलीभर वेलीचं जेमतेम वाटीच्या तळापुरतं सत्त्व. त्यात आरारूट मिसळलं, तरी शहरातल्या गिऱ्हाइकाला पत्ता लागायचा नाही.

करोनाच्या काळात घरोघरी गुळवेलीचे काढे उकळले. 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. दिसायला सारखी असलेली दुसरी वेल वापरली गेली असावी, असं आयुष मंत्रालयाचं म्हणणं. पुढच्या अभ्यासात खऱ्या गुळवेलीवरही ठपका आला. म्हणजे वेल ओळखून भागत नाही. कुणाला, किती आणि किती दिवस, हे सांगणारं माणूस लागतं.

1978च्या अल्मा-आटा जाहीरनाम्यानं आजींसारख्या पारंपरिक वैदूंना प्राथमिक आरोग्यसेवेत जागा देऊ केली होती. कर्जतच्या या आदिवासी पट्ट्यात दर्शन शंकर आणि अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेनं ऐंशीच्या दशकात वैदूंचं हे ज्ञान गांभीर्यानं घेतलं. बाजार मात्र वेल वजनावर घेतो. पारखीचा दाम कुणी देत नाही, याचा मला राग येतो.

आजी चिमूटभर सत्त्व देतात, तेही मोजक्या दिवसांसाठी. डोळे पिवळे दिसले, की काहीच देत नाहीत. कशेळ्याच्या ग्रामीण रुग्णालयात धाडतात.