मोडी कागदांची सूची : चाचणीची प्रयोगशाळा आणि तिचा परवाना

कसाल येथें मुंबई-गोवा महामार्गावरून मालवणचा रस्ता फुटतो. ह्या टापूंतील घरांच्या माळ्यांवर अद्याप मोडी कागदांचे रुमाल सांपडतात. असे कागद हातीं आल्यावर त्यांची सूची हल्लीं संगणकावर ठेवावी लागते. ती ज्या व्यवस्थेंत ठेवतात तिला डेटाबेस, आणि मागेल त्यास तींतून नोंद काढून देणाऱ्या यंत्रणेस सर्व्हर म्हणतात. शब्द परके असले तरी वस्तु परकी नाहीं. दप्तरखान्यांतील कारकून हेंच काम करीत असे. माहिती ओळी व रकाने असलेल्या कोष्टकांत मांडावी हें तत्त्व एडगर कॉड ह्यांनीं १९७० सालीं प्रतिपादिलें, आणि अशा बहुतेक व्यवस्था त्यावरच उभ्या आहेत. अशा सर्व्हरची आधीं चाचणी कां घ्यावी, कशी घ्यावी, आणि त्यासाठीं मिळणाऱ्या परवान्याचा अर्थ कसा लावावा, ह्याचा विचार येथें कर्तव्य आहे.

प्रथम आमची चूक सांगतों. आम्हीं चाचणी न घेतां खऱ्या सूचींतच नोंदी भरण्यास आरंभ केला. प्रत्येक नोंदींत आधीं देवनागरींत सारांश व नंतर मूळ मोडी मजकूर अशी योजना होती. मायएसक्यूएल ह्या व्यवस्थेंत आम्हीं 'यूटीएफ-८' नांवाचा अक्षरसंच निवडला. नांव बरोबर होतें. परंतु त्या व्यवस्थेंत ह्या नांवाचा जुना संच एका वर्णास तीनच बाइट जागा देतो. देवनागरी वर्ण तेवढ्यांत मावतो. मोडी लिपि युनिकोडमध्यें २०१४ सालीं आली, आणि तिच्या वर्णास चार बाइट लागतात. आमची आवृत्ति जुनी असून तींत कडक तपासणी बंद होती. त्यामुळें नोंद नाकारली गेली नाहीं. पहिल्या मोडी वर्णापासून पुढील सर्व मजकूर मात्र गळाला. व्यवस्थेनें दिलेली सूचना आम्हीं पाहिली नाहीं. सारांश शाबूत दिसत असल्यानें कित्येक महिने आम्हांस पत्ता नव्हता. तोंवर कागद ज्यांचे त्यांस परत केले होते, आणि एका घरचे पावसांत भिजून नष्ट झाले. त्या कागदांचा आज केवळ आम्हीं केलेला सारांश उरला आहे. चार बाइटांचा 'यूटीएफ-८-एमबी-४' हा संच त्याच व्यवस्थेंत २०१० पासून उपलब्ध होता, हें आम्हांस मागाहून कळलें.

ह्यावरून पहिला नियम निघतो : खरी सूची व चाचणीची सूची कधींही एकत्र असूं नये. त्यासाठीं दुसरा संगणक विकत घ्यावा लागत नाहीं. एकाच संगणकाच्या पोटांत दुसरा संगणक चालविण्याची सोय असते. त्यास व्हर्च्युअल मशीन म्हणतात. त्याची एका क्षणाची स्थिति जतन करून ठेवतां येते, आणि प्रयोग फसल्यास पूर्वस्थितीवर येतां येतें. चाचणीस सोप्या नोंदी घेऊं नयेत; जाणूनबुजून अडचणीच्या घ्याव्यात. मोडी मजकूर आंत घालावा, बाहेर काढावा व अक्षरशः ताडून पाहावा. अनुक्रमही पाहावा. युनिकोडमध्यें ळ हा वर्ण ल च्या लगेच पुढें आहे, आणि क्ष हा क व ष ह्यांचा संयोग असल्यानें क मध्यें पडतो. आपल्या वर्णमालेंत हीं दोन्ही अक्षरें ह च्या पुढें येतात. म्हणून क्रम सांगून द्यावा लागतो.

तारखांची परीक्षा तर इतिहासाच्या अभ्यासकानें केलीच पाहिजे. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमधील 'डेटटाइम' हा जुना प्रकार १ जानेवारी १७५३ च्या मागें जात नाहीं. कारण इंग्लंडनें ग्रेगोरियन गणना १७५२ सालीं स्वीकारली. आम्हीं तींत शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीख घातली, ती नाकारली गेली. नाकारणें हा उपकारच होय. मुकाट्यानें गाळणें हा अपकार. २००८ पासूनचा 'डेटटाइम-२' हा प्रकार इसवी सन १ पर्यंत मागें जातो, परंतु सर्व तारखा ग्रेगोरियन धरतो. वरील तारीख जूलियन गणनेची आहे. ग्रेगोरियन गणनेनें तो दिवस १६ जून होतो. तेव्हां मूळ मिति जशीच्या तशी एका रकान्यांत अक्षरांनीं लिहावी व रूपांतरित तारीख दुसऱ्या रकान्यांत द्यावी.

आतां परवाना. आमच्या मतें परवाना सनदेप्रमाणें वाचावा : कोणास दिला, कोणत्या कामासाठीं, किती मुदतीचा व कोणत्या मर्यादेपर्यंत. एसक्यूएल सर्व्हरची 'डेव्हलपर' आवृत्ति २०१६ पासून विनामूल्य मिळते व तींत बहुतेक सर्व सामर्थ्य असतें. परंतु ती केवळ रचना व चाचणी ह्यांसाठींच आहे. 'इव्हॅल्युएशन' आवृत्तीस १८० दिवसांची मुदत आहे. 'एक्सप्रेस' आवृत्ति प्रत्यक्ष कामास विनामूल्य वापरतां येते, मात्र २०२२ च्या आवृत्तींत एका डेटाबेसास १० जीबीची मर्यादा आहे. शिवाय एक अट पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं : वेगाच्या तुलनात्मक चाचणीचे निष्कर्ष कंपनीच्या लेखी संमतीवांचून इतरांस कळवितां येत नाहींत. म्हणून ह्या लेखांत वेगाचे आंकडे दिलेले नाहींत. व्हर्च्युअलबॉक्सचा मूळ भाग मुक्त आहे, पण त्यास जोडावयाच्या विस्ताराचा परवाना निराळा आहे. पोस्टग्रेसक्यूएलचा परवाना सर्वांत मोकळा. हक्कपत्राचा मजकूर कायम ठेवून तें कोणत्याही कामास वापरतां येतें.

खरा धोका मुदत संपण्याचा नसून मुकाट्यानें हद्द ओलांडण्याचा आहे. चाचणीच्या सूचींत भर पडत जाते. एक अभ्यासक ती पाहतो, मग दुसरा. आणि ज्या दिवशीं लोक तिच्यावर विसंबूं लागतात त्या दिवशीं ती चाचणीची राहत नाहीं. त्या वेळीं परवानाही मोडतो आणि कागदही असुरक्षित होतात. आमची खरी सूची आतां पोस्टग्रेसक्यूएलमध्यें आहे. तिची राखीव प्रत दर तीन महिन्यांनीं आम्ही प्रयोगशाळेंत उभी करून पाहतों. कारण जी प्रत उभी करून पाहिलेली नाहीं, तिचा भरंवसा धरतां येत नाहीं. गेलेला मोडी मजकूर परत येणार नाहीं. इतरांचा जाऊं नये, एवढ्याचसाठीं हें टिपण वाचकांपुढें ठेविलें आहे.