इम्युनोथेरपी, संप्रेरके आणि जनुके

लगाम सैल करणारी औषधे

टी पेशींनी शरीराच्याच पेशींवर हल्ला करू नये म्हणून सीटीएलए-४ आणि पीडी-१ ही प्रथिने त्यांना लगाम घालतात. कर्करोगाची गाठ याच सोयीचा फायदा उठवते. हा लगाम सैल करणारी औषधे म्हणजे चेकपॉइंट इन्हिबिटर. त्यांतील इपिलिमुमॅबला अमेरिकेत २०११ मध्ये मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली. मोकळ्या झालेल्या टी पेशी मात्र गाठीपुरत्या थांबत नाहीत. संप्रेरके बनवणाऱ्या अंतःस्रावी ग्रंथीही त्यांच्या तावडीत सापडतात.

थायरॉइड

पीडी-१ रोखणाऱ्या औषधांचा फटका ग्रंथींपैकी थायरॉइडला सर्वाधिक बसतो. सुजलेल्या ग्रंथीतला संप्रेरकाचा साठा आधी रक्तात सांडतो; छाती धडधडते, वजन घटते. काही आठवड्यांत साठा संपला की उलट कमतरता सुरू होते. ती बहुधा कायमची असते, पण थायरॉक्सिनच्या रोजच्या गोळीने भागते.

पियुषिका

इपिलिमुमॅबचा रोख अधिक करून मेंदूच्या तळाशी असलेल्या या ग्रंथीवर (पिट्युटरी) असतो, कारण पियुषिकेच्या काही पेशींवरही सीटीएलए-४ असते. डोकेदुखी, थकवा, रक्तातील सोडियम घटणे ही लक्षणे. थकव्याचे खापर कर्करोगावर फुटते आणि निदान लांबते. हे धोक्याचे आहे. पियुषिकेचा आदेश थांबला की अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल बनवत नाहीत आणि रक्तदाब कोसळू शकतो. थायरॉइडचीही कमतरता असेल तर आधी हायड्रोकॉर्टिसोन, मग थायरॉक्सिन, हाच क्रम. तो उलटला तर उरलेसुरले कॉर्टिसॉल झपाट्याने खर्च होते.

स्वादुपिंड

इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट होऊन होणारा मधुमेह सुमारे शंभरात एकाला होतो. तो इतका अचानक येतो की अनेकदा कीटोॲसिडोसिसनेच (रक्तात आम्ल साचण्याच्या गंभीर अवस्थेने) उघडकीस येतो.

जनुकांचा वाटा

अशा मधुमेहाच्या रुग्णांत एचएलए-डीआर४ हा जनुकप्रकार अपेक्षेपेक्षा बराच जास्त आढळतो. नेहमीच्या टाइप १ मधुमेहाशीही त्याचे नाते आहे. थायरॉइडचेही तसेच. हायपोथायरॉइडिझमची आनुवंशिक प्रवृत्ती ज्यांच्यात अधिक, त्यांना औषधानंतर थायरॉइडचा त्रास होण्याची शक्यताही अधिक. म्हणजे औषध बहुधा नवा आजार घडवत नाही, दबून असलेली प्रवृत्ती मोकळी करते.

भाकिताच्या मर्यादा

डीआर४ असलेल्या बहुतेकांना हा मधुमेह होत नाही आणि डीआर४ नसलेल्यांनाही तो होतो. शिवाय जनुकांचा हा अभ्यास मुख्यतः युरोपीय वंशाच्या रुग्णांवर झालेला असल्याने त्याचे आकडे भारतीयांना जसेच्या तसे लावता येत नाहीत. म्हणून जनुकचाचणीवर औषधाचा निर्णय ठरत नाही. उपचाराआधी आणि नंतर दर चार ते सहा आठवड्यांनी टीएसएच (थायरॉइडला चालना देणारे संप्रेरक) व रक्तशर्करा, तसेच गरजेनुसार सकाळचे कॉर्टिसॉल तपासणे, हीच आजची व्यवहार्य पद्धत आहे.